यंत्रातील तंबोरा आणि लाकडाचा तंबोरा



गाणे शिकणाऱ्या माणसाच्या घरी कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा उभा असावयाचा, ही एके काळची रीत. आज त्या तंबोऱ्याची जागा पुष्कळ घरांतून मोबाइलने घेतली आहे. पुण्यामुंबईचेच हे चित्र नव्हे. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावी एखाद्या मुलीस गाण्याची गोडी लागली, तर तिच्या हाती प्रथम येणारा तंबोरा बहुधा मोबाइलमधलाच असावयाचा. पडद्यावरील खुणेवर बोट ठेवावे, काळी चार की काळी पाच ते निवडावे, की चार तारांचा नाद अखंड सुरू होतो. खुंट्या पिळणे नको, तार तुटण्याची धास्ती नको. साहजिकच घराघरांतून प्रश्न निघतो: हा नाद खऱ्या तंबोऱ्याची बरोबरी करू शकतो काय? आणि करीत असेल, तर इतका खर्च करून, इतकी जागा अडवून खरा तंबोरा घरात आणावयाचा तरी कशासाठी?

या प्रश्नास दोन ठरीव उत्तरे मिळतात. यंत्रात जीव नसतो, हे एक. आणि आता काही फरक उरलेला नाही, हे दुसरे. या दोन्ही उत्तरांत विचार थोडा आहे. वस्तुतः येथे दोन निरनिराळे प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत. वाद्याचा नाद यंत्रात जसाच्या तसा साठविता येतो काय, हा पहिला. आणि वाद्य ज्या रीतीने वागते त्या रीतीने यंत्र वागते काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ होकारार्थी आहे. दुसऱ्याचे तसे नाही. आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते याच दुसऱ्या प्रश्नाला.

प्रथम खरा तंबोरा कसा बोलतो ते पाहू. त्याच्या भोपळ्याची कथा कळसच्या परिसरापासून फार लांबची नाही. इंदापूर तालुक्याच्या एका अंगाने भीमा वाहते व दुसऱ्या अंगाने नीरा. नीरा-नरसिंहपूर येथे दोघींचा संगम होऊन भीमा पुढे पंढरपुराकडे जाते. त्या पंढरपूर-मंगळवेढे भागात तंबोऱ्यास लागणारा मोठा, जाड सालीचा कडू भोपळा पिकतो. तो वेलीवर पुरता वाढू देतात, वाळवितात, आतील गर काढून पोकळ करतात. आणि मग तो मिरजेच्या कारागिराच्या हाती जातो. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, आणि पुढे सतारमेकर हेच त्या घराण्यांचे आडनाव झाले. २०२४ साली मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळाले.

भोपळा, त्यावरील लाकडाची तबली आणि दांडी यांनी तंबोऱ्याचे शरीर होते. त्याचा विशेष मात्र तबलीवर बसविलेल्या घोडीत आहे. सारंगी अथवा व्हायोलिन यांची घोडी काठाशी अरुंद असते. तार तिच्यावर एका रेषेत टेकते आणि तेथेच तिचे कंपन संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिची पाठ किंचित उतरती, घासून गोलसर केलेली असते. छेडलेली तार त्या पाठीस क्षणाक्षणाला स्पर्श करीत आणि सोडीत असते. घोडी व तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सारून हा स्पर्श नेमका साधावयाचा असतो. धागा केसभर पुढेमागे झाला, तरी नाद बंद होतो किंवा एकदम उमलतो. यासच जवारी म्हणतात.

जवारीने नेमके काय होते, याचा शास्त्रीय विचार चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात केला. कोणतीही तार एकच स्वर देत नाही; मूळ आंदोलनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा आंदोलनांचे सूक्ष्म स्वर तिच्यातून एकाच वेळी निघत असतात. त्यांस आपण उपस्वर म्हणू. तारेच्या ज्या बिंदूवर एखाद्या उपस्वराचे कंपन शून्य असते, त्या बिंदूवर तार छेडली असता तो उपस्वर निघू नये, असा यंग व हेल्महोल्ट्झ या पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुप्पट आंदोलनांचा स्वर ऐकू येता कामा नये. रामन यांनी दाखवून दिले, की तंबोऱ्यात हा नियम चालत नाही. जे उपस्वर निघू नयेत तेच स्पष्टपणे निनादतात. याचे कारण त्या वक्र घोडीशी तारेचा सतत होणारा स्पर्श. मूळ स्वराची शक्ती त्या स्पर्शामुळे वरच्या उपस्वरांत वाटली जाते.

या उपस्वरांचा हिशेब सोपा आहे. खर्जाची तार सेकंदास १०० आंदोलने करते असे सोयीसाठी धरू. मग जोडीच्या दोन तारा २०० आंदोलनांच्या आणि पंचमाची तार १५० आंदोलनांची होते. खर्जाचा पाचवा उपस्वर ५०० आंदोलनांचा. तार षड्ज ४०० चा असल्याने ५०० म्हणजे त्याची सव्वापट, अर्थात शुद्ध गांधार. पंचमाच्या तारेचा तिसरा उपस्वर ४५० चा. तो ऋषभ होय. चार तारांत कोठेही गांधार लावलेला नसताना सुरेल तंबोऱ्यातून गांधार ऐकू येतो, तो असा. त्यास आपले गायक स्वयंभू गांधार म्हणतात. त्यात गूढ काही नाही; तथापि तो ऐकू येण्यास तारा अगदी जुळलेल्या आणि जवारी उघडलेली असावी लागते.

आता यंत्राकडे वळू. या बाबतीत पाश्चात्त्यांनी पियानोवर केलेले प्रयोग मार्गदर्शक आहेत, म्हणून क्षणभर तिकडे पाहणे युक्त होईल. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने पियानो रचला. आजच्या मोठ्या पियानोस ८८ पट्ट्या व दोनशेहून अधिक तारा असतात. हे अवजड वाद्य संगणकात आणण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत नमुन्यांची. प्रत्येक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशा अनेक बळांनी वाजवून तिचे ध्वनिमुद्रण करावयाचे आणि वादक पट्टी दाबील तेव्हा योग्य तो नमुना ऐकवावयाचा. पट्टी किती जोराने दाबली हे संगणकास कळविण्याचा मिडी नावाचा सार्वत्रिक संकेत १९८३ पासून रूढ झाला. त्यात जोराच्या १२८ पायऱ्या मोजता येतात. दुसरी रीत गणिताची. तिच्यात ध्वनिमुद्रण नसतेच. हातोडी, तार, लाकडी फळी यांच्या कंपनांची समीकरणे संगणक त्या त्या क्षणी सोडवितो आणि त्यातून नाद निर्माण करतो. फ्रान्समधील मोदार या संस्थेचे पियानोटेक हे २००६ साली आलेले सॉफ्टवेअर या दुसऱ्या जातीचे.

नमुन्यांच्या पद्धतीत अडचण कोठे येते, हे पियानोच्या उजव्या पायट्याने उघड होते. तो पायटा दाबला, की सर्व तारांवरील दाब उचलले जातात, आणि एक पट्टी वाजविली तरी तिच्याशी नाते असलेल्या इतर तारा आपोआप गुणगुणू लागतात. सुट्या सुट्या स्वरांचे नमुने कितीही उत्कृष्ट असोत, ते एकमेकांस ओळखत नाहीत. दहा सुटे नमुने एकदम वाजविणे म्हणजे एकाच लाकडावर ताणलेल्या दहा तारा एकदम वाजविणे नव्हे. म्हणूनच चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हा परस्परसंबंध निराळा मोजून मिसळावा लागतो. इतके केल्यावर ध्वनिमुद्रित गीतातील साथीचा पियानो खरा की संगणकाचा, हे ओळखणे सामान्य श्रोत्यास फार कठीण असते. प्रत्यक्ष वादकास मात्र ते लवकर कळते. कारण खऱ्या पियानोची कंपने त्याच्या बोटांस व देहास जाणवत असतात.

पियानोत हा परस्परसंबंध पायटा दाबल्यावर सर्वांगाने प्रकट होतो. तंबोऱ्यात मात्र तारांवर दाबच नसतात. तेथे तो संबंध अखंड चालू असतो, किंबहुना तोच तंबोऱ्याचा सारा व्यवहार आहे. चारही तारा एकाच घोडीवर, एकाच तबलीवर टेकलेल्या असतात. पंचम छेडला की जोड किंचित थरारते. जोड छेडली की खर्ज जागा होतो. तंबोऱ्याची नक्कल करणाऱ्या यंत्रापुढील खरे काम हे आहे.

बंगळूरचे जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. विजेच्या मंडलातून उत्पन्न केलेला तो नाद तंबोऱ्यासारखा होता, तंबोऱ्याचा नव्हता. परंतु प्रवासात, एकट्याच्या रियाजात आणि तंबोऱ्यावर बसावयास माणूस नसेल तेथे त्याची सोय इतकी मोठी होती, की अशी यंत्रे लवकरच देशभर पसरली. पुढे खऱ्या तंबोऱ्याच्या तारांचे ध्वनिमुद्रण साठवून ऐकविणारी यंत्रे आली, आणि आता तीच गोष्ट मोबाइलमधील अ‍ॅप करते. सेकंदास ४४,१०० वेळा नादाची मोजणी करणारी मुद्रणपद्धती मानवी कानास ऐकू येणारी सर्व आंदोलने टिपते. तेव्हा आकड्यांत रूपांतर केल्याने नादाचा प्राण जातो, ही समजूत सोडून द्यावयास हवी. उत्तम तंबोऱ्याचे उत्तम मुद्रण चांगल्या ध्वनिक्षेपकातून ऐकले, तर त्यात स्वयंभू गांधारही ऐकू येतो. उलट, ढिल्या खुंट्यांच्या, जवारी बसलेल्या, घाईने लावलेल्या खऱ्या तंबोऱ्यापेक्षा असे मुद्रण विद्यार्थ्यास शतपटीने बरे.

मग उणे कोठे आहे? आपल्या घरी सहज करता येतील अशा तीन परीक्षा सुचवितो.

पहिली परीक्षा पुनरावृत्तीची. यंत्राचा तंबोरा दहा मिनिटे लक्षपूर्वक ऐकावा. खऱ्या तंबोऱ्यात प्रत्येक आवर्तन मागच्यासारखे असूनही तेच नसते. बोट कधी हलके पडते, कधी भारी. तार मागच्या कंपनातून पुरती थांबलेली नसतानाच पुन्हा छेडली जाते. शिवाय जोडीच्या तारांत अर्ध्या आंदोलनाचा जरी फरक असला, तरी दर दोन सेकंदांस नाद एकदा फुगून ओसरतो आणि त्या लाटेवर सारा नाद तरंगत राहतो. साध्या अ‍ॅपमध्ये तेच मुद्रण पुनःपुन्हा फिरत असते; तीच लाट त्याच जागी येते. कान काही वेळाने ती गृहीत धरतो आणि ऐकणे सोडून देतो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तारेचे अनेक नमुने आलटून पालटून योजून हा दोष बराच कमी केलेला असतो.

दुसरी परीक्षा खर्जाची. पुरुष गायकाने काळी एकमध्ये तंबोरा लावला, तर त्याचा खर्ज सेकंदास सुमारे ६९ आंदोलनांचा असतो. मोबाइलच्या लहानशा ध्वनिक्षेपकास इतका खालचा नाद बाहेर टाकता येत नाही. तरीही आपणास खर्ज ऐकल्याचा भास होतो, कारण वरचे उपस्वर ऐकून मेंदू मूळ स्वराची कल्पना करून घेतो. हा दोष सॉफ्टवेअरचा नसून त्याच्या मुखाचा आहे. मोबाइलला बऱ्यापैकी मोठा ध्वनिक्षेपक जोडला, की तोच तंबोरा निराळा वाटू लागतो. तेव्हा यंत्राच्या तंबोऱ्यास नावे ठेवण्यापूर्वी एवढा उपाय अवश्य करून पाहावा.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. खऱ्या, जुळलेल्या तंबोऱ्याजवळ बसून तारा न छेडता मोकळ्या आवाजात षड्ज लावावा आणि एकदम थांबावे. आवाज बरोबर लागला असेल, तर तंबोऱ्याच्या तारा आपण होऊन हळूच तोच षड्ज उच्चारतात. आवाज थोडा खाली वा वर असेल, तर त्या गप्प राहतात. मोबाइलसमोर हाच प्रयोग केल्यास काहीही घडत नाही. खरा तंबोरा गायकास स्वर देतो, एवढेच नव्हे. तो गायकाचा स्वर ऐकतो आणि त्यास तत्क्षणी उत्तर देतो. यंत्रातील तंबोरा गायकाकडे पाठ करून बसलेला असतो. आवाज ऐकून स्वराची आंदोलने पडद्यावर दाखविणारी अ‍ॅप आहेत हे खरे. परंतु त्यांचे उत्तर डोळ्यांस मिळते, कानास मिळत नाही.

येथून आपण विद्यार्थ्याकडे येतो. नभोवाणीच्या श्रोत्यांस ठाऊक असेल, की १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या ध्वनिक्षेपणातून बंदी केली होती, आणि ती १९७१ पासून पुढे शिथिल होत गेली. त्या बंदीविषयी मतभेद होते व आहेत. पण तिच्यामागील एक आक्षेप येथे लक्षात घेण्याजोगा आहे. हार्मोनियमचे व पियानोचे स्वर सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेले असतात. त्या हिशेबाने, ४०० आंदोलनांच्या षड्जावरील गांधार ५०० चा न येता सुमारे ५०४ चा येतो. तंबोऱ्यातून निघणारा स्वयंभू गांधार आणि हार्मोनियमचा गांधार एकदम वाजले, तर सेकंदास चार हेलकावे ऐकू येतात. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे, त्यास हा फरक तात्काळ खटकतो. इतरांस तो कळतही नाही. कान तयार होतो, तो रोज जे ऐकावे त्याप्रमाणे.

आणि तंबोरा केवळ ऐकून कान तयार होतो असेही नाही. तो लावून होतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य होते, आणि १९३७ साली निधन पावल्यावर मिरजेच्या दर्ग्यातच त्यांचे दफन झाले. त्यांच्या स्वराच्या सुरेलपणाची कीर्ती आजही आहे. आणि वाद्ये स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याचीही त्यांस मोठी हौस होती. या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या नाहीत. खुंटी पिळून तार जवळ आणावी, मणी सरकवून ती नेमकी जुळवावी, सूत सारून जवारी उघडावी, आणि हे करीत असता हेलकावे मंद मंद होत जाऊन शेवटी विरावेत, ही गोष्ट कानास जे शिकविते ते पडद्यावर पट्टी निवडून शिकता येत नाही. अ‍ॅपमध्ये षड्ज आयता मिळतो. स्वर चुकीचा असतो म्हणजे काय आणि तो बरोबर होतो म्हणजे काय, या दोहोंमधला प्रवास विद्यार्थ्याच्या वाट्यास येतच नाही. यंत्राच्या तंबोऱ्याने होणारी खरी हानी कोणती असेल, तर ती नादाच्या गुणाची नसून या गमावलेल्या पाठाची आहे.

यास्तव घरोघरच्या पालकांनी काय करावे? रोजच्या रियाजासाठी मोबाइलचा तंबोरा खुशाल घ्यावा. मात्र त्यास चांगला ध्वनिक्षेपक जोडावा, आणि प्रत्येक तार निराळी जुळविण्याची सोय ज्यात आहे असेच सॉफ्टवेअर निवडावे. त्यातील तारा मुद्दाम थोड्या बिघडवून मुलास कानाने जुळवावयास लावाव्यात. खुंटीचा थोडासा तरी गुण त्यात मिळेल. प्रत्येक घरी तंबोरा घेणे शक्य होणार नाही, हे उघड आहे. परंतु गावातील शाळेने, वाचनालयाने अथवा गायनवर्गाने एक मिरजेचा तंबोरा ठेवणे अशक्य नाही. आठवड्यातून एकदा कळसच्या मुलामुलींनी तो स्वतः लावावा, त्याच्यापाशी बसून षड्ज म्हणावा आणि तारा उत्तर देतात की नाही ते ऐकावे.

यात मिरजेच्या कारागिराचाही प्रश्न गुंतलेला आहे. जवारी काढणे हे पुस्तकातून शिकण्याचे काम नव्हे. घोडीची पाठ घासताना कानाने ऐकत ऐकत ते साधते, आणि बापाकडून मुलाकडे जाते. तंबोरे विकत घेतले गेले नाहीत, तर हे हात दुसऱ्या धंद्यास लागतील. मग सॉफ्टवेअर करणाऱ्यांस नमुना घ्यावयास तरी उत्तम तंबोरा कोठून मिळणार? आज यंत्रातून जो सुंदर नाद आपण ऐकतो, तो कोणी तरी कारागिराने घडविलेल्या आणि कोणी तरी कलावंताने तासभर बसून लावलेल्या एका खऱ्या तंबोऱ्याचा आहे.